एल चाखणारे हुद्देदार

बदलीच्या नोकरीत आयुष्य घालविणाऱ्या माणसाच्या वाट्याला निरोपसमारंभ फार येतात. गेल्या थंडीत बंगळूरास अशाच एका समारंभानिमित्त आम्ही चौघे जमलो होतो. मंडळी सारी मराठी, सारी सरकारी, आणि एकमेकांस ‘साहेब’ म्हणण्याची सवय कचेरीबाहेरही न सुटलेली. ज्यांची बदली झाली होती ते हिशेबतपासणी खात्यातले. त्यांच्या आग्रहावरून तेथल्या एका पेयगृहात नळावरची ‘क्रीम एल’ मागविण्यात आली.

एल म्हणजे जवापासून केलेली जुनी इंग्रजी यवसुरा. ‘क्रीम’ हे नाव मात्र फसवे आहे. दुधाचा वा सायीचा तिच्याशी काही एक संबंध नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मन धर्तीच्या ‘लागर’शी टक्कर देताना अमेरिकेतील एल-उत्पादकांनी थंडाव्यात मुरविलेले जे हलके पेय काढले, त्याला हे नाव पडले. पुढे नत्रवायूच्या दाबाने नळातून काढलेल्या, दाट फेसाच्या, तांबूस आयरिश एललाही तेच नाव मिळाले. आमच्यापुढे आली ती ही दुसरी.

पेला मेजावर ठेवला तेव्हा आत जणू धुके उतरत होते. बुडबुडे वर चढण्याऐवजी काचेलगत खाली घसरत होते. मिनिटा-दीड मिनिटाने सारे निवळले आणि वर दोन बोटे पांढरा थर उरला. ओठाला प्रथम तो थर लागला, मग त्याखालून भाजलेल्या धान्याची गोडसर चव आली आणि शेवटी हॉपचा बेताचा कडूपणा. एक स्नेही म्हणाले, “ही तर साय!” दुसऱ्यांचे मत असे, की मऊपणा काढून घेतला तर खाली फारसे काही उरत नाही. हिशेबतपासनीसांनी दहापैकी गुण देण्याची सूचना मांडली. चौघांचे चार आकडे आले. अर्ध्या तासाने दुसरा पेला आला तो दुसऱ्या पोऱ्याने भरलेला. तो आम्हां सर्वांना पाणचट लागला आणि सगळ्यांनी आपापले गुण उतरविले. पोऱ्या शपथेवर सांगत होता, की पिंप तेच आणि नळही तोच.

त्याची ती शपथ ऐकून आम्हांस एका जुन्या हुद्द्याची आठवण झाली. एल चाखून निवाडा देणे हे इंग्लंडात शतकानुशतके सरकारी काम होते, आणि त्यासाठी शपथ घ्यावी लागे.

इ.स. १२६६-६७ च्या सुमारास तिसऱ्या हेन्रीच्या राजवटीत रोटी आणि एल यांच्या भावाचा कायदा झाला. एलचा दर धान्याच्या दराला बांधण्यात आला. जवाचा क्वार्टर वीस पेनीपासून दोन शिलिंगांपर्यंत असेल, तर शहरात एका पेनीला दोन गॅलन आणि शहराबाहेर तीन-चार गॅलन एल द्यावी, अशी त्यातील तरतूद होती. गॅलन म्हणजे सुमारे साडेचार लिटर. नियम मोडणारास दंड होई आणि वरचेवर मोडणारास भर चौकात लोकांपुढे बसविण्याची शिक्षा. भाव कायद्याने ठरला, माप शिक्क्याने ठरले. पण त्या भावास लायक अशी एल पिंपात आहे की नाही, हे कोणी ठरवायचे? त्याकरिता गावोगाव ‘एल-टेस्टर’ नेमले गेले. लंडनात त्यांस ‘एल-कॉनर’ म्हणत. जॉन कार्पेंटरने १४१९ साली लंडन नगराच्या रीतिरिवाजांचा जो संग्रह केला, त्यात या हुद्देदाराची शपथ आहे. बोलावणे येताच चाखावयास जाईन, माल कमअस्सल असेल तर त्याची किंमत उतरवीन, आणि देणगी, ओळख किंवा वैर यांपायी कोणाचाही गुन्हा झाकणार नाही, असा तिचा आशय. आपल्या सेवानियमांत याहून नवे असे काय आहे, हे वाचकांनीच पाहावे.

बोलावण्याची रीत साधी होती. एल तयार झाली, की घरावर एक काठी किंवा झुडुपाची जुडी लावावयाची. ती पाहून हुद्देदार येई. प्रत्येक खेपेस यावे लागे, कारण ती जुनी एल हॉपशिवाय केलेली असे आणि चार-सहा दिवसांत आंबट होई. ती साठवता येत नसे, दूर पाठविता येत नसे. म्हणून ती घरोघर होई, आणि ती करणाऱ्या बहुतेक स्त्रिया असत. घरच्या चुलीवर, घरच्याच भांड्यांत, नवऱ्याच्या मिळकतीस जोड म्हणून किंवा वैधव्यात एकमेव आधार म्हणून त्या हा धंदा करीत. चाखणारा मात्र पुरुष असे, आणि बहुधा शेजारचाच. त्याची जीभ ‘बरी नाही’ म्हणाली, की त्या बाईच्या आठवड्याच्या कष्टांची किंमत उतरे. त्याच्याविरुद्ध दाद मागायची ती कशाच्या आधारावर? चवीला साक्षीदार नसतो. दुसऱ्या दिवशी ती एल पहिल्या दिवसाची राहत नाही, तेव्हा पुरावाही नसतो. जुन्या गाव-न्यायालयांची दप्तरे पाहिली तर त्यांत तीच ती नावे वारंवार दंड भरताना दिसतात. दंड पुढे पुढे शिक्षा न राहता परवान्याच्या फीसारखाच झाला होता. जिभेचा निवाडा फार ताणता येत नाही, हे त्या गावांनी कायदा न बदलता असे कबूल केले, असे आम्हांस वाटते.

या हुद्द्यावरचा सर्वांत प्रसिद्ध मनुष्य त्याच्या मुलामुळे प्रसिद्ध आहे. स्ट्रॅटफर्डचा हातमोजे करणारा जॉन शेक्सपिअर १५५६ साली तेथला एल-टेस्टर झाला. हा तोच गृहस्थ, ज्यास १५५२ साली हेन्ली स्ट्रीटवर उकिरडा केल्याबद्दल दंड झाला होता! चाखण्याच्या कामातही तो फार दक्ष नसावा, कारण १५५७ साली न्यायालयाच्या बैठकींस गैरहजर राहिल्याबद्दल त्याला पुन्हा दंड झाला. तरीही १५६८ साली तो नगराचा मुख्य अधिकारी होऊन बसला. बढतीची वाट तेव्हाही फारशी सरळ नव्हती.

चामड्याची विजार घालून सांडलेल्या एलमध्ये बसणाऱ्या आणि ती विजार बाकास चिकटली की नाही यावरून निवाडा देणाऱ्या एल-कॉनरची गोष्ट पुष्कळांनी वाचली असेल. ती गमतीची आहे, पण तिला समकालीन आधार नाही. खरा एल-कॉनर चाखूनच ठरवीत असे.

आपल्याकडेही मद्यावर अधिकारी होता. बंगळूराजवळच्याच म्हैसुरास शामशास्त्र्यांना जे ‘अर्थशास्त्र’ हाती लागले आणि १९०९ साली त्यांनी जे छापले, त्याच्या दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्षाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. कोणास किती विकावे, पानगृहात आसने, गंध आणि पुष्पे कशी असावीत, येथपर्यंत कौटिल्य लिहितो. बिघडलेली सुरा इतरत्र विकावी, नाही तर दास व मजूर यांना वेतनात द्यावी किंवा डुकरांस पाजावी, असेही त्याने सांगून ठेवले आहे. बिचाऱ्या मजुरांचे त्यावर मत काय होते, हे त्या ग्रंथात नाही. मात्र शपथपूर्वक चव घेणारा शेजारी त्या प्रकरणात आम्हांस आढळला नाही. कौटिल्याचा भर गुप्तहेरांवर!

इंग्लंडात जिभेचे राज्य संपविले ते हॉपने आणि कराने. पंधराव्या शतकात हॉप घातलेली बीअर समुद्रापलीकडून आली आणि पुढे तेथेच होऊ लागली. अँड्र्यू बूर्डसारखा वैद्य १५४२ सालीदेखील एल हेच इंग्रजाचे स्वाभाविक पेय असे लिहीत होता; पण हॉपामुळे पेय टिकू लागले, टिकू लागल्यामुळे मोठे कारखाने निघाले, आणि चुलीवरच्या बाया मागे पडल्या. १६४३ साली पार्लमेंटने लढाईच्या खर्चासाठी अबकारी कर बसविला. आता दारात येणारा अधिकारी चाखीत नसे. तो मोजकाठी बुडवीत असे. १७८४ साली जॉन रिचर्डसनने गोड काढ्याची घनता मोजण्याच्या उपकरणावर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि १८८० सालापासून करच त्या काढ्याच्या विशिष्ट गुरुत्वावर बसू लागला. काटा लाच घेत नाही, हे खरे. पण एल गोड आहे की आंबट, हेही तो सांगत नाही. लंडनात एल-कॉनर आजही निवडले जातात, ते मानापुरते.

जिभेला पुन्हा न्यायासनावर बसविले ते गणितज्ञांनी. डब्लिनच्या गिनेस कारखान्यात १८९९ साली विल्यम सीली गॉसेट हा तरुण रसायनज्ञ नोकरीस लागला. हाताशी नमुने थोडे असताना निष्कर्ष किती विश्वासाने काढावा, हा त्याचा रोजचा प्रश्न होता. कारखान्याची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून त्याने १९०८ साली आपला निबंध ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापला; संख्याशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी तो आजही शिकतो. पुढे १९४० नंतरच्या दशकात कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग कारखान्यात तीन पेल्यांची परीक्षा रूढ झाली. दोन पेल्यांत एकच पेय, तिसऱ्यात दुसरे; चाखणाराने वेगळा पेला ओळखावयाचा. येथे आधी जिभेचीच तपासणी होते, पेयाची मागाहून. त्या चुलीवरच्या विधवेला असा कायदा मिळाला असता तर?

आमच्या पेल्यातील सायही गिनेसच्याच एका गणितज्ञाची देणगी. केंब्रिजहून आलेल्या मायकेल अ‍ॅशने लंडनच्या कारखान्यात काम करून १९५९ साली नत्रवायूचा नळ सिद्ध केला. नत्रवायू पेयात फार थोडा विरघळतो. सुमारे तीन हिस्से नत्र व एक हिस्सा कार्बन डायॉक्साइड असे मिश्रण देऊन पेय नळातील बारीक छिद्रांच्या चकतीतून दाबाने सोडले, की अतिसूक्ष्म बुडबुडे सुटतात व लवकर फुटत नाहीत. पेल्याच्या मध्यातून ते वर चढताना पेयही वर ओढतात. तेच पेय कडेने खाली उतरते आणि बारीक बुडबुड्यांना बरोबर नेते. जिभेला झोंबणारा कार्बन डायॉक्साइड कमी असल्यामुळे सारे मऊ लागते. म्हणजे आम्ही ज्या मऊपणाला गुण दिले, तो निम्म्याहून अधिक नळाचा होता. पेल्याला जरा तेलकटपणा राहिला तरी फेस बसतो, आणि फार थंड असले तर वास लपतो.

स्नेह्यांच्या प्रयाणापूर्वी दोन दिवस आम्ही त्याच पेयगृहात पुन्हा जमलो. तीन पेले मागविले. दोन पहिल्या पोऱ्याने भरलेले, एक दुसऱ्याने. फेस दिसू नये म्हणून डोळ्यांवर रुमाल बांधले. चौघांपैकी दोघांनी वेगळा पेला बरोबर ओळखला. नुसत्या चिठ्ठ्या टाकल्या असत्या तरी चारांत एखाददुसरा बरोबर येताच. हिशेबतपासनीस चुकले. त्यांनी तो निकाल मुकाट्याने डायरीत टिपून घेतला, खाली ‘फेरतपासणी आवश्यक’ असा शेरा मारला, आणि मग त्यांच्या ध्यानात आले की त्यांची बदली अहमदाबादेस झाली आहे.