धर्मग्रंथातली समता आणि दफनभूमीतली भिंत

दलित ख्रिस्ती बांधवांच्या आरक्षणाचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. ख्रिस्ती धर्म जात मानत नाही. जात नाही तिथे अस्पृश्यता कुठली? आणि अस्पृश्यताच नसेल, तर अनुसूचित जातीचा दाखला कशासाठी? धर्मांतराने समता मिळाली असेल तर सवलत सोडा, आणि मिळाली नसेल तर धर्मांतर करून काय साधले, असा पेचही वर टाकला जातो. हे म्हणणारे सगळे चर्चचे विरोधक असतात असे नाही. धर्माची बदनामी नको म्हणून अनेक ख्रिस्ती पुढारीही ‘आमच्यात जातपात नाही’ असे ठासून सांगतात. दोन्ही पक्षांना मान्य असल्यामुळे हे विधान बिनतोड वाटते. प्रत्यक्षात ते टिकत नाही, कारण धर्म काय शिकवतो आणि तो धर्म मानणारा समाज कसा वागतो, या दोन गोष्टींची त्यात गल्लत झालेली आहे.

आधी कायद्याचा इतिहास पाहू. ख्रिस्ती व्यक्तीला अनुसूचित जातीत न गणण्याची तरतूद इंग्रजांच्या 1936 च्या आदेशातच होती. स्वतंत्र भारतात 10 ऑगस्ट 1950 रोजी राष्ट्रपतींचा अनुसूचित जाती आदेश निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने, पंजाबातील काही शीख जातींचा अपवाद सोडून, ही ओळख हिंदूंपुरती ठेवली. 1956 मध्ये त्यात दुरुस्ती होऊन दलित शीख आले, 1990 मध्ये दलित बौद्ध आले. शीख धर्माच्या लंगरात सगळे एका पंगतीला बसतात. बौद्ध धम्म तर जातिव्यवस्थेला नकार देऊनच उभा आहे. धर्माने जात नाकारली म्हणून दाखला नाकारायचा असेल, तर या दोन्ही दुरुस्त्या चुकीच्या ठरतील. त्या चुकीच्या नव्हत्या. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांबरोबर धम्मदीक्षा घेतलेल्या माणसाकडे गावाने दुसऱ्या दिवशी वेगळ्या नजरेने पाहिले नाही. म्हणूनच महाराष्ट्र सरकारने नवबौद्धांना राज्याच्या सवलती आधीच दिल्या आणि केंद्राला 1990 मध्ये तेच करावे लागले. नवबौद्धांना लावलेला न्याय ख्रिस्ती झालेल्या महार-मांगांना का लागू नये, याचे उत्तर तिसऱ्या परिच्छेदाच्या समर्थकांनी द्यायला हवे.

या वादातला महत्त्वाचा निकाल 1985 चा, सुसाई खटल्यातला आहे. मद्रासमध्ये रस्त्याच्या कडेला बसून चपला शिवणारा हा कारागीर आदि-द्रविड समाजातून ख्रिस्ती झाला होता. अनुसूचित जातीच्या चर्मकारांना फुकट टपऱ्या देण्याची योजना सरकारने काढली. तेच काम करणारे हिंदू कारागीर तिला पात्र ठरले, सुसाई ठरला नाही. सर्वोच्च न्यायालयानेही त्याच्या विरुद्ध निकाल दिला. पण कारण नीट वाचले पाहिजे. धर्मांतरानंतर जात उरतच नाही, असे न्यायालयाने म्हटले नाही. नव्या धर्मसमाजातही जुने जाच तितक्याच तीव्रतेने चालू आहेत, हे दाखवणारा पुरेसा पुरावा समोर नाही, असे म्हटले. म्हणजे हा प्रश्न पुराव्याने सुटायचा आहे, धर्मशास्त्राने नव्हे.

पुरावा भरपूर आहे. तिरुचिरापल्लीच्या एका जुन्या कॅथलिक दफनभूमीत सवर्ण आणि दलित ख्रिस्ती मृतांच्या मध्ये भिंत घातलेली होती. 2018 मध्ये केरळात कोट्टयमच्या एका दलित ख्रिस्ती तरुणाचा प्रेमविवाहापायी बळी गेला. पुढच्या वर्षी न्यायालयाने ती प्रतिष्ठेसाठी केलेली हत्या ठरवली आणि मुलीच्या भावासह दहा जणांना शिक्षा दिली. सरकारने नेमलेल्या रंगनाथ मिश्र आयोगाने 2007 मध्ये तिसरा परिच्छेद काढून टाकण्याची शिफारस केली. राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगासाठी 2008 मध्ये सतीश देशपांडे आणि गीतिका बापना यांनी उपलब्ध अभ्यासांची छाननी केली. दलित ख्रिस्ती आणि मुस्लिमांना वगळण्याला समाजशास्त्रीय आधार त्यांना सापडला नाही. खुद्द कॅथलिक बिशप परिषदेने 2016 च्या धोरणपत्रात चर्चमधला जातिभेद मान्य केला. एवढे झाल्यावर ‘आमच्यात जातपात नाही’ असे म्हणायला तोंड उरत नाही.

महाराष्ट्रातली परिस्थिती तमिळनाडूइतकी उग्र नाही, हे खरे. नगर-जालना पट्ट्यातल्या मंडळ्या मुख्यतः महार-मांग समाजातून उभ्या राहिल्या, त्यामुळे तिथे सवर्ण ख्रिस्ती मोजकेच. पण सोयरीक जुळवताना मूळ जातीची चौकशी तिथेही होते. ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त स्वतःच्या मनातले सोवळेओवळे कसे सुटत गेले, ते निर्भीडपणे लिहिले आहे. इतकी मोकळ्या मनाची बाई, तिलाही स्वतःशी झगडावे लागले. मग बाप्तिस्म्याच्या पाण्याने एका दिवसात समाजाची जात धुतली जाते असे मानणे भाबडेपणाचे आहे.

आता दोन आक्षेप. पहिला: दाखला मिळू लागला तर धर्मांतरे वाढतील. आदिवासी माणूस ख्रिस्ती झाला तरी अनुसूचित जमातीचा दर्जा गमावत नाही. त्या दर्जाचा निकष वेगळा आहे, हे मान्य. पण धर्मांतराची भीती तिथे आड येत नाही, ती दलितांच्याच बाबतीत का यावी? दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: आज वाट्याला येणाऱ्या जागांत नवे वाटेकरी येतील आणि हिंदू व बौद्ध दलितांचे नुकसान होईल. ही भीती खोटी नाही. म्हणूनच वाढीव लोकसंख्येच्या प्रमाणात वाटाही वाढावा, ही मागणी सोबत हवी. शिवाय प्रश्न नोकऱ्यांपुरता नाही. दलित ख्रिस्ती व्यक्तीला जातीवरून मारहाण झाली, तर 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण तिला मिळत नाही. शिवी देणारा धर्म विचारत नाही. कायदा मात्र विचारतो.

उरतो तो पेच: समता मिळाली नसेल तर धर्मांतराने साधले काय? धर्मांतरितांना जात सोडत नाही, ही टीका बाबासाहेबांनीच फार कठोरपणे केली होती आणि ती चर्चने मान खाली घालून ऐकली पाहिजे. पण ती कबूल करणे म्हणजे धर्म हरला असे नव्हे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल अंत्युखियातली एक घटना सांगतो. पेत्र आधी यहुदीतर बांधवांबरोबर जेवत असे. यरुशलेमहून माणसे येताच त्यांच्या धाकाने तो त्या पंगतीतून उठला. पौलाने सर्वांदेखत त्याला दोष दिला. म्हणजे पंक्तिभेद पहिल्या पिढीतच शिरला होता आणि तो लपवला गेला नाही. तो उघड करून मोडायचा, हीच या धर्माची मूळ रीत आहे.

म्हणून चर्चची नैतिक जबाबदारी दुहेरी आहे. सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये याच प्रश्नावर न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला आणि 2004 पासूनच्या याचिका सर्वोच्च न्यायालयासमोर आल्या, तिथे हक्क मागायचा तर घरातली घाणही त्याच दमात काढली पाहिजे. दफनभूमी एक करा. धर्मगुरूंच्या नेमणुकीत, शाळा-महाविद्यालयांच्या विश्वस्त मंडळांत दलित ख्रिस्तींना त्यांचा वाटा द्या. 2022 मध्ये अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले, याचा आनंद जरूर करा, पण तिथे थांबू नका. आणि ज्यांना समतेची चाड आहे अशा हिंदू, बौद्ध, शीख वाचकांना विनंती आहे: दाखला देताना माणसाची प्रार्थना विचारू नका, त्याच्यावर झालेला अन्याय विचारा. तिसरा परिच्छेद रद्द झाला पाहिजे.