उरलेले साठ टक्के

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, दोन मोठ्या कंपन्यांचं फिसकटलं की त्याची बातमी अर्थविषयक पानावर येते आणि दोन दिवसांत विसरली जाते. त्या भांडणामुळे तिसऱ्याच कुणाच्या टेबलावर अर्धवट पडून राहिलेल्या कामाचं पुढे काय झालं, हे कुठे छापून येत नाही. आज अशाच एका कामाची हकिकत सांगायची आहे. हे काम म्हणजे एक जपानी व्हिडिओ गेम. कविता लिहिणाऱ्याने व्हिडिओ गेमबद्दल बोलावं याचं काहींना नवल वाटेल. पण गोष्ट, चित्र, संगीत आणि भाषा हे सगळं ज्यात आहे, त्याच्याकडे मुलांचा टाइमपास म्हणून पाठ फिरवणं मला तरी जमलेलं नाही.

खेळाचं जपानी नाव ‘सेइकेन देनसेत्सु २’, म्हणजे ‘पवित्र तलवारीची आख्यायिका, भाग दुसरा’. जपानबाहेर तो ‘सीक्रेट ऑफ माना’ या नावाने गेला. स्क्वेअर या जपानी कंपनीने ६ ऑगस्ट १९९३ रोजी तो बाजारात आणला. ‘माना’ हा शब्द प्रशांत महासागरातल्या बेटांवरचा. माणसांत आणि वस्तूंत वावरणारी अदृश्य शक्ती, असा त्याचा ढोबळ अर्थ. आपल्या कानाला तो मनाच्या जवळचा वाटतो, पण नातं काही नाही.

गंमत म्हणजे या खेळाचं नावही एका न झालेल्या खेळाकडून आलेलं आहे. १९८७ मध्ये स्क्वेअरने ‘सेइकेन देनसेत्सु’ नावाचा एक भलामोठा खेळ जाहीर केला, लोकांकडून आगाऊ नोंदणी घेतली आणि मग तो रद्द केला. पैसे परत करताना ग्राहकांना सुचवलं की, त्याऐवजी आमच्या ‘फायनल फँटसी’ या नव्या खेळाचा विचार करावा. तो ‘फायनल फँटसी’ पुढे कंपनीचा पोशिंदा ठरला. बिनकामाचं राहिलेलं नाव मात्र कपाटात पडून होतं. १९९१ मध्ये ते कोइची इशिई या डिझायनरच्या एका छोट्या खेळाला मिळालं. ‘गेम बॉय’ या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी तो खेळ होता. त्याच इशिईंनी मग दुसरा भाग मनावर घेतला, आणि या वेळी कल्पना लहान नव्हती.

इथे थोडं यंत्राबद्दल सांगावं लागेल. त्या काळी खेळ कार्ट्रिजमध्ये येत. नव्वदच्या दशकात आपल्याकडची मुलं तिला ‘कॅसेट’ म्हणत आणि चालेना की फुंकर मारून पुन्हा खोचत. तिच्या पोटात टेप नसे, चिप असे. चिप महाग आणि तिच्यात जागा थोडी. निन्टेंडो कंपनीच्या ‘सुपर फामिकॉम’ या यंत्राला सीडी वाचणारा एक भाग जोडायचा, असं निन्टेंडो आणि सोनी यांच्यात ठरलं होतं. सीडीवर साडेसहाशे मेगाबाइटच्या आसपास ऐवज मावतो. इशिई आणि निर्माते हिरोमिची तानाका यांनी ही ऐसपैस जागा डोळ्यांपुढे ठेवून खेळ आखला. गोष्टीला अनेक वाटा असतील, खेळणारा ज्या वाटेने जाईल तसा शेवट बदलेल, आणि एकूण सूर बराच गडद असेल, असा तो बेत होता.

जून १९९१ मध्ये शिकागोच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात सोनीने या जोडयंत्राची घोषणा केली. दुसऱ्याच दिवशी निन्टेंडोने जाहीर केलं की, आम्ही सीडीसाठी फिलिप्सबरोबर जात आहोत. भर मांडवात दुसऱ्याच्या गळ्यात माळ घालावी, तसाच हा प्रकार. पुढे बोलणी होत राहिली, पण निन्टेंडोचं ते सीडी यंत्र कधीच बाजारात आलं नाही. अपमान गिळून सोनीने आपलं स्वतःचं यंत्र केलं. डिसेंबर १९९४ मध्ये आलेलं ते प्लेस्टेशन. त्याचा पुढचा इतिहास घरोघरच्या मुलांना पाठ आहे.

इकडे स्क्वेअरमध्ये सीडीच्या मापाने कापड बेतून बसलेल्या मंडळींचं काय? सीडी नसेल तर हा खेळ करूच नये, कारण फार काही कापावं लागेल, असं त्यांचं म्हणणं पडलं. कंपनीच्या वरिष्ठांनी ते ऐकलं नाही. कार्ट्रिजमध्ये बसवा, असा हुकूम निघाला. ती कार्ट्रिज होती दोन मेगाबाइटची. वेगवेगळ्या वाटा गेल्या, वेगवेगळे शेवट गेले, गोष्ट बदलली, झालेलं काही काम पुन्हा करावं लागलं. ठरवलेल्या खेळातला चाळीस टक्क्यांपर्यंत भाग गळाला असावा, असा इशिई यांचा स्वतःचा अंदाज आहे.

आता बंधन कलेला पोसतं, असं आपण कवी मंडळी फार अभिमानाने सांगतो. गझलेच्या शेराला दोनच ओळी मिळतात, तिसरी मागायची सोय नाही, आणि त्यातच त्याची ताकद. हे खरंच आहे. पण ते बंधन कवीने आपण होऊन, लेखणी उचलण्याआधी पत्करलेलं असतं. इथे पाच कडव्यांची कविता मनात तयार असताना कुणीतरी येऊन म्हणावं की, पानावर जाहिरात आली आहे, तीनच कडवी द्या, तसं झालं. ‘टंचाईतूनच चांगलं घडतं’ हे वाक्य टंचाई लादणाऱ्याच्या तोंडी फार सहज येतं. म्हणून कापाकापीचे गोडवे गाणं मला मान्य नाही. मला पाहायचं आहे ते वेगळंच. एवढं कापायची वेळ आल्यावर या माणसांनी काय सोडायला नकार दिला?

खेळ सुरू होतो तेव्हा एक मुलगा धबधब्याखाली दगडात रुतलेली गंजकी तलवार उपसतो. गावाभोवती राक्षसी प्राणी माजतात आणि गावकरी त्या मुलालाच हाकलून देतात. वाटेत त्याला एक मुलगी भेटते, जी आपल्या हरवलेल्या प्रियकराला शोधते आहे, आणि एक खट्याळ यक्षपोर भेटतं. तिघं मिळून आठ माना-बीजांच्या शोधात निघतात. साम्राज्याला या बीजांच्या जोरावर एक पुरातन उडता किल्ला पुन्हा उभा करायचा आहे, त्याला अडवायचं असतं.

गोष्ट साधी आहे, पण ती ज्या जगात घडते ते मोठं लोभस आहे. टुणटुण उडणारे, मोठ्या कानांचे सशासारखे प्राणी शत्रू म्हणून येतात आणि मारायला जीव होत नाही. लांबच्या प्रदेशात जायचं तर तोफेत बसून उडायचं. आडरानात एक दुकानदार मांजर भेटतं, ते सगळं दुप्पट भावाने विकतं. एका बर्फाळ प्रदेशात राक्षसाला हरवल्यावर कळतं की तो सांताक्लॉज होता. मुलांचा आपल्यावरचा विश्वास उडाला म्हणून माना-बीजातून नाताळचं झाड उगवायला गेला आणि त्याचाच राक्षस झाला. हिरो इसोनो या चित्रकाराने वेष्टनावर काढलेलं मानाचं झाड पाहा. अख्खं जंगल एका झाडात मावलं आहे आणि त्याच्या बुंध्याशी तीन पोरं मुंगीएवढी उभी आहेत.

या खेळाची खरी मौज मात्र अशी की, ही तीन पात्रं तीन माणसं एकाच वेळी खेळू शकतात. त्या काळातल्या अशा कथाखेळांत सहसा एकाने खेळायचं आणि बाकीच्यांनी बघत बसायचं, अशी रीत होती. लढाईही पाळीपाळीने चाले. इथे लढाई चालत्या वाटेवरच होते, आणि शस्त्र किंवा मंत्र बदलायचा असेल तर पात्राभोवती चिन्हांचं एक कडं उमटतं, त्यातून निवडायचं. रंग, झाडं, पाणी, मौज आणि तिघांची सोबत ठेवली गेली, बाकीच्यावर कात्री चालली.

कात्रीच्या खुणा लपत नाहीत. एकट्याने खेळताना उरलेले दोन सोबती यंत्र चालवतं, आणि ते घराच्या कोपऱ्याला नाहीतर झाडाला अडकून बसतात. तिघांनी एकाच पडद्यावर असायला हवं, असा नियम असल्याने एक अडकला की बाकीचेही जागच्या जागी. तलवारीचा घाव दिसतो आत्ता, लागतो थोड्या वेळाने. एकामागून एक मंत्र टाकत राहिलं तर बलाढ्य शत्रूला हातही हलवता येत नाही. मंत्र पक्के करायला तोच तो मंत्र कंटाळा येईपर्यंत म्हणावा लागतो. आणि उत्तरार्धात गोष्ट अशी पळते की जणू शेवटची गाडी चुकेल.

इंग्रजी आवृत्तीचे हाल वेगळेच. नाताळच्या बाजाराआधी ती अमेरिकेत पोचायला हवी होती. टेड वूल्सी या अनुवादकाला सुमारे तीस दिवस मिळाले. त्यातून पडद्यावरच्या अक्षरांची रुंदी ठरलेली, चौकटीत मोजकीच मावणार, म्हणून संवादांची आणखी छाटणी. उर्दूतला शेर मराठीत आणताना एखादा शब्द कुठेच बसत नाही, तेव्हा काय होतं हे मला ठाऊक आहे. तीस दिवसांत अख्खा खेळ आणणाऱ्याला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

या कामातल्या दोन माणसांबद्दल सांगायलाच हवं. प्रोग्रॅम लिहिणारे नासिर गेबेली १९५७ मध्ये इराणमध्ये जन्मले, अमेरिकेत कॉम्प्युटर शिकले आणि ‘ॲपल २’ या कॉम्प्युटरवरच्या वेगवान खेळांनी नावाजले. १९८३ मध्ये अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला, त्यात त्यांची स्वतःची कंपनी बुडाली. मग ते जपानला गेले आणि पहिले तिन्ही ‘फायनल फँटसी’ त्यांनी उभे केले. दुसऱ्या भागाचं काम अर्ध्यावर असताना त्यांच्या व्हिसाची मुदत संपली आणि त्यांना कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोला परतावं लागलं. तेव्हा सहकारी सामानसुमान घेऊन त्यांच्यामागे तिकडे गेले आणि काम पुरं केलं. एका माणसासाठी चमूने समुद्र ओलांडल्याचं असं उदाहरण विरळा. ‘माना’ हे गेबेलींचं शेवटचं मोठं काम.

दुसरे संगीतकार हिरोकी किकुता. धर्म, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र शिकलेला हा माणूस कामाच्या दिवसांत जवळजवळ चोवीस तास ऑफिसातच असे. ध्वनीसाठी यंत्रात स्मृती होती अवघी ६४ किलोबाइट, आणि एका वेळी आठच स्वर वाजू शकत. किकुतांनी तयार नमुने न वापरता यंत्राला पेलतील असे आवाज स्वतः घडवले. खेळ सुरू होताना नेहमीची टिंग वाजत नाही. देवमाशाच्या हाकेसारखा एक खोल आवाज येतो आणि मग सूर उलगडतात. ही ध्वनीची चिप सोनीची होती आणि ती रचणारे केन कुतारागी हेच पुढे प्लेस्टेशनचे जनक म्हणून ओळखले गेले. करार मोडला, पण खेळाचा गळा सोनीचाच राहिला.

शेवट सांगतो, कारण तो सांगितल्याशिवाय माझं म्हणणं पुरं होत नाही. किल्ल्याच्या हल्ल्यात मानाचं झाड जळतं, आणि ते झाड म्हणजे त्या मुलाची आई होती, हे त्याला तिथेच कळतं. मग किल्ल्याला संपवायला मानाचा महाप्राणी अवतरतो. त्याला मोकळं सोडलं तर जगही नष्ट होईल. त्याला मारलं तर जगातून माना नाहीसा होईल आणि मानावर जगणारं यक्षपोरही. मुलाचा हात उचलत नाही. ‘मार’ म्हणून सांगतं ते यक्षपोरच. महाप्राण्याचं बर्फ होऊन भुरभुरतं. मुलगीचा प्रियकरही तोवर गेलेला असतो. मुलगा गावी परततो आणि तलवार होती तिथे, दगडात, परत ठेवतो. ज्या सोबत्यांना झाडामागून सोडवायला आपण सारखे मागे फिरलो, त्यातल्या एकाला आता मागे फिरूनही आणता येत नाही. मूळचा गडद सूर वगळल्यानंतर उरलेला हा शेवट आहे.

फेब्रुवारी २०१८ मध्ये या खेळाची नवी आवृत्ती आली. आता जागेचा प्रश्नच नव्हता. घनाकार चित्रं, बोलणारी पात्रं, नव्याने बांधलेलं संगीत, सगळं होतं, आणि ती निघाली प्लेस्टेशनवर. स्वागत मात्र कोमट झालं. सुरुवातीला ती मध्येच बंद पडे, म्हणून दुरुस्ती करावी लागली. पण माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट ही की, ते चाळीस टक्के तिच्यातही परत आले नाहीत. गोष्ट १९९३ चीच राहिली. कापलेली वाट पंचवीस वर्षांनी जागा मिळाली म्हणून उगवत नाही. ती ज्यांच्या डोक्यात होती ती माणसं पांगलेली असतात, आणि जी असतात तीही तीच राहिलेली नसतात.

जुना खेळ आजही मिळतो. १९९३ ची आवृत्ती २०१९ मध्ये ‘कलेक्शन ऑफ माना’ या संचातून जगभर पुन्हा निघाली. घरात तीन माणसं मोकळी असतील तर खेळून पाहा. दोष पहिल्या तासातच दिसतील. पण तिघं एका पडद्यावर असाल तर झाडाला अडकणारा सोबती तुमच्या शेजारीच बसलेला असेल, आणि त्याला हाक मारायला यंत्राची गरज पडणार नाही.