‘न्यूट्रल’ या शब्दाचा प्रवास

अमेरिकेच्या महामार्गांवर उन्हाळ्यात एक जोडी हमखास दिसते. पुढे एसटीच्या बसएवढी मोटारहोम, म्हणजे चाकांवरचे घरच. आत पलंग, शेगडी, न्हाणी सगळे. आणि तिच्यामागे लोखंडी दांड्याने जोडलेली, चारही चाके रस्त्यावर टेकवून मुकाट चाललेली एक छोटी रिकामी मोटार. घर एकदा मुक्कामी लावले की दूध-भाजी आणायला ते पुन्हा हलवणे सोयीचे नसते, म्हणून ही छोटी गाडी बरोबर न्यायची. तिकडे तिला ‘डिंगी’ म्हणतात, जहाजामागे बांधलेल्या होडीवरून. दुसरे नाव आहे ‘टोड’, म्हणजे बेडूक. ‘ओढलेली’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा उच्चार तसाच होतो, म्हणून हा विनोद.

या मागच्या गाडीत चालक नसतो आणि तिचे इंजिन बंद असते. चाके मात्र दिवसभर, तासाला ८०-९० किलोमीटर वेगाने फिरत असतात. मग चाकांना जोडलेल्या दंतचक्रांचे काय होते? उत्तर साधे वाटते: गाडी न्यूट्रलमध्ये आहे, म्हणजे काहीच होत नाही. पण ‘न्यूट्रल’ या शब्दाचा अर्थ शंभर वर्षांत इतका बदलला आहे, की हे उत्तर आज महागात पडू शकते.

हौशी भटकंतीची परंपरा तिकडे जुनी आहे. हेन्री फोर्ड, थॉमस एडिसन आणि टायरवाले हार्वे फायरस्टोन १९१५ ते १९२४ या काळात मोटारींचा ताफा घेऊन रानात मुक्कामाला जात आणि त्यांच्याबरोबर स्वयंपाकाची वेगळी गाडी असे. सामान्य माणसाला परवडेल अशी मोटारहोम मात्र बऱ्याच उशिरा आली. आयोवा राज्यातल्या फॉरेस्ट सिटी या गावी विनेबागो कंपनीने १९६६ पासून ती कारखान्यात मोठ्या संख्येने बनवायला सुरुवात केली आणि मागे गाडी बांधण्याची पद्धतही हळूहळू रुळली.

हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत न्यूट्रल ही खरीखुरी जागा असते. इंजिनाकडून आलेला दंड आणि चाकांकडे जाणारा दंड यांच्यातला सांधा तिथे सुटतो. पुढची चाके चालवणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांत चाकांबरोबर फिरणारे मोठे दंतचक्र तेलात बुडालेले असते आणि तेच तेल उडवून आजूबाजूला शिंपडते. इंजिन बंद असले तरी वंगणाचे काम चालू राहते. म्हणून अशा गाड्या ओढायला उत्तम ठरल्या.

ऑटोमॅटिक गिअरची कथा निराळी आहे. जनरल मोटर्सची ‘हायड्रामॅटिक’ १९३९ साली, १९४० च्या ओल्डस्मोबिल गाड्यांसाठी आली. अशा पेटीत दाबाखालचे तेल हेच सर्वस्व आणि ते पुरवणारा पंप इंजिनावर चालतो. सुरुवातीच्या अनेक ऑटोमॅटिक पेट्यांत चाकांच्या बाजूलाही एक दुसरा पंप असे. त्यामुळे गाडी ढकलून चालू करता येई आणि ओढली तरी तेल फिरे. १९६० च्या दशकात काटकसर म्हणून हा मागचा पंप एकेक करून काढून टाकला गेला. रोज गाडी चालवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागला नाही. पण त्याबरोबर इंजिन बंद ठेवून दूरवर ओढले जाण्याची क्षमता बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांतून गेली. पुढे मोटारहोमवाल्यांनी बाहेरून विजेवर चालणारे तेलाचे पंप बसवून घेतले. कारखान्याने वाचवलेला खर्च ग्राहकाने वेगळा केला, असेच म्हणायचे. काही ऑटोमॅटिक गाड्या मात्र ओढण्यास योग्य राहिल्या. होंडाची सीआर-व्ही ही त्यातली लाडकी गाडी. २०१५ च्या नमुन्यात तिची गिअरपेटी बदलली आणि तिलाही मनाई झाली.

आता हायब्रिडकडे वळू. इंजिन आणि विजेची मोटर यांची जोडी नवी नाही. फर्डिनांड पोर्शे याने व्हिएन्नाच्या लोहनर कंपनीसाठी १९०० च्या सुमारास अशी गाडी बनवली. तिच्यात इंजिन फक्त डायनॅमो फिरवी आणि मोटरी चाकांच्या तुंब्यांतच बसवलेल्या होत्या. १९१७ च्या आसपास शिकागोच्या वूड्स कंपनीनेही इंजिन व मोटर दोन्ही असलेली गाडी विकून पाहिली. पेट्रोल स्वस्त, इंजिनाला विजेचा स्टार्टर मिळालेला. दुहेरी यंत्रणेचा खर्च कोण करणार?

१९७१ मध्ये टीआरडब्ल्यू या अमेरिकन कंपनीच्या बर्मन, गेल्ब आणि रिचर्डसन या अभियंत्यांना एका रचनेचे पेटंट मिळाले. इंजिनाची शक्ती ग्रहीय दंतचक्रांनी दोन वाटांत विभागायची, एक वाट थेट चाकांकडे आणि दुसरी जनित्राकडे, ही त्यातली कल्पना. त्या काळात ती कारखान्यापर्यंत गेली नाही. पण ताकेशी उचियामादा यांच्या नेतृत्वाखाली टोयोटाने याच तत्त्वावर प्रियस गाडी घडवली आणि डिसेंबर १९९७ मध्ये ती जपानात विक्रीला आली. त्याच महिन्यात क्योटोमध्ये हवामानबदलाचा करार झाला.

प्रियसच्या पहिल्या दोन पिढ्यांतली रचना फळ्यावर सहज काढता येते. मधोमध ३० दात्यांचे ‘सूर्य’चक्र. त्याभोवती ‘ग्रह’चक्रे, एका धारकावर बसवलेली. आणि सर्वांना वेढणारे, आतून दाते असलेले ७८ दात्यांचे कडे. सूर्याला छोटे जनित्र जोडलेले, ग्रहांच्या धारकाला इंजिन, आणि कड्याला मोठी मोटर. कड्यातूनच पुढे चाके. तिघांच्या फेऱ्यांचे नाते असे:

सूर्याचे फेरे × ३० + कड्याचे फेरे × ७८ = धारकाचे फेरे × १०८

यात कुठेही क्लच नाही. सांधा सुटेल अशी जागाच नाही. मग न्यूट्रलमध्ये होते काय? इलेक्ट्रॉनिक यंत्रणा दोन्ही मोटरींना वीज देणे थांबवते, एवढेच. दात्यात दाते अडकलेलेच राहतात. न्यूट्रल ही आता जागा राहिली नाही, तो एक हुकूम झाला.

आता ही गाडी इंजिन बंद ठेवून ताशी ९० किलोमीटरने ओढली असे समजू. दुसऱ्या पिढीच्या प्रियसचे चाक एका फेऱ्यात सुमारे १.९५ मीटर जाते, म्हणजे मिनिटाला साधारण ७७० फेरे. कडे त्याच्या ४.१ पट फिरते, म्हणजे ३,१५० च्या आसपास. इंजिन थांबलेले, म्हणून धारकाचे फेरे शून्य. समीकरणात घालून पाहा: सूर्य, म्हणजे जनित्र, उलट दिशेने मिनिटाला सुमारे ८,२०० फेरे घेते. त्याऐवजी इंजिन २,००० फेऱ्यांनी चालू असते तर? मग जनित्राचे उलटे फेरे हजाराच्या आतच राहतात. पहिल्या प्रियसमध्ये ताशी सुमारे ६७ किलोमीटरच्या वर इंजिन फिरतेच ठेवावे लागे, त्याचे कारण हेच होते. ओढल्या जाणाऱ्या गाडीत ही सोय नाही. शिवाय तेलाचा पंप इंजिनावर चालणारा, तोही बंद.

तिसरी अडचण फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेल्या नियमाची. या मोटरींमध्ये कायम चुंबक आहेत आणि कायम चुंबकाला बटण नसते. चाक फिरले की चुंबक फिरणार, आणि तारेत विद्युतदाब निर्माण होणारच. पुढची चाके टेकवून गाडी ओढू नका, मोटर वीज निर्माण करत राहील आणि बिघाडाच्या स्वरूपानुसार आगही लागू शकेल, अशी सूचना टोयोटाच्या पुस्तिकेत आहे. वर्गात हे दाखवायला मोडक्या खेळण्यातली मोटर पुरते. तिचा दांडा बोटांनी फिरवा. मग दोन्ही तारा एकमेकींना जोडून पुन्हा फिरवा. जडपणातला फरक मुलांच्या बोटांना लगेच कळेल.

इथे एखादा हुशार विद्यार्थी विचारेल, की मग ओढताना बॅटरी फुकट भरून घेता येणार नाही का? फुकट नाही. तो जडपणा पुढच्या मोटारहोमचे इंजिन ओढणार आणि त्याचे डिझेल मालकाच्याच खिशातून जाणार.

एवढ्यावरून ‘हायब्रिड ओढता येत नाही’ असा नियम कोणी बांधेल, तर तो चुकेल. फोर्डची एस्केप हायब्रिड २००४ मध्ये बाजारात आली. तिच्यातही ग्रहीय दंतचक्रांनी शक्ती विभागण्याचेच तत्त्व होते. त्याच वर्षी फोर्ड आणि टोयोटा यांच्यात पेटंटांबाबत करारही झाला. तरी फोर्डने ती न्यूट्रलमध्ये चारही चाकांवर ओढायला परवानगी दिली, आणि पुढे फ्यूजन व सी-मॅक्स हायब्रिडलाही. म्हणून मोटारहोमवाल्यांत या गाड्या लोकप्रिय झाल्या. तत्त्व एक असले तरी दंडांची मांडणी, दात्यांची प्रमाणे, तेलाची वाट हे तपशील निराळे असू शकतात. निकाल तपशिलावर लागतो, आणि तो त्या त्या वर्षाच्या पुस्तिकेतच वाचावा लागतो.

परवानगी असलेली हायब्रिड जोडण्याचे कामही आता सुताराच्या कौशल्याचे कमी आणि विजेच्या जाणकाराचे जास्त झाले आहे. सांगाड्याला पट्टी बोल्टाने कसायची, तिला त्रिकोणी दांडा, सुरक्षेसाठी साखळ्या, मागच्या दिव्यांच्या तारा, हे पूर्वीचेच. पण दीड टनाची गाडी मागून रेटू नये म्हणून तिचे ब्रेकही लागावे लागतात आणि त्यासाठी पेडल दाबणारे यंत्र चालकाच्या जागी बसवतात. हायब्रिडच्या ब्रेकला जोर देणारी यंत्रणा इंजिनावर अवलंबून नसून विजेवर चालते. यंत्राचा दाब त्या हिशेबाने ठेवला नाही तर ब्रेक गरजेपेक्षा जोरात लागतात. शिवाय १२ व्होल्टची बॅटरी हळूहळू उतरते. हायब्रिडमध्ये ती लहानच असते, कारण इंजिन फिरवायला मोठी बॅटरी वेगळी आहे. म्हणून मोटारहोममधून तिला विजेची एक तार आणून देतात, नाहीतर मुक्कामी पोचल्यावर शेकडो व्होल्टची बॅटरी भरलेली आणि गाडी मात्र जागी होत नाही.

आपल्याकडे मोटारहोम क्वचितच दिसते, पण बंद पडलेली गाडी दोराने ओढणे नेहमीचे. २०२२ मध्ये टोयोटाची हायरायडर आणि मारुतीची ग्रँड विटारा आली. त्यांच्या पूर्ण हायब्रिड प्रकारात शक्ती विभागण्याचे तत्त्व प्रियसचेच आहे. घाटात अशी गाडी थांबली आणि मदतीला आलेल्या ट्रकवाल्याने दोर काढला, तर त्याला पुढची चाके उचलणारी किंवा सबंध गाडी पाठीवर घेणारी क्रेनगाडी बोलवायला सांगावे. गाडी न्यूट्रलमध्ये आहे, हे त्याचे म्हणणे त्याच्या ट्रकपुरते खरे असते.