निवडणुकीचा मुहूर्त आणि गणित

इंग्लंडांत १९११ च्या कायद्यानें पार्लमेंटची मुदत जास्तींत जास्त पांच वर्षांची ठरली. परंतु त्या मुदतींत लोकांपुढें केव्हां जावें, हें ठरविणें बहुधा मुख्य प्रधानाच्याच हातीं राहिलें. २०११ सालीं ही सत्ता कायद्यानें आवळण्यांत आली. तो कायदा २०२२ सालीं रद्द झाला. या मुहूर्ताचें गणित आतां विद्वानांनीं मांडलें आहे. त्याचें मर्म आम्ही साध्या आंकड्यांनीं सांगतों.

समजा, आज निवडणूक घेतल्यास जयाचा संभव दहांत आठ आहे, आणि मुदत संपेपर्यंत थांबल्यास तो दहांत पांचावर येईल. आज गेल्यास पांच वर्षांच्या सत्तेपैकीं सरासरीनें चार वर्षें पदरीं पडतात. मुदतीचें एकच वर्ष उरलें असेल, तर थांबल्यानें तें एक व पुढील अडीच मिळून साडेतीनच होतात. तेव्हां आज जाणें श्रेयस्कर. पण तीन वर्षें उरलीं असतील, तर थांबल्यानें साडेपांच मिळतात. म्हणजे जय निश्चित असला तरी घाई तोट्याचीच!

इतिहास काय सांगतो? बॉल्डविन यांच्या पक्षास १९२२ सालीं ३४४ जागा मिळाल्या होत्या. वर्ष पुरें होतें न होतें तोंच, संरक्षक जकातींसाठीं त्यांनीं लोकांचा कौल मागितला. जागा २५८ वर आल्या, आणि जानेवारी १९२४ मध्यें मजूर पक्षाचें पहिलें मंत्रिमंडळ अधिकारारूढ झालें. उलट, विल्सन यांचें १९६४ चें बहुमत अवघें चार जागांचें. उरलेलीं वर्षें कागदावर असलीं तरी हातचीं नव्हतीं. १९६६ च्या निवडणुकींत तें नव्वदांहून वर गेलें.

२०१७ सालीं श्रीमती थेरेसा मे यांनीं मुदतीचीं तीन वर्षें शिल्लक असतां, सभागृहाच्या संमतीनें निवडणूक घेतली. आरंभीं कांहीं मतचाचण्यांत त्यांची आघाडी वीस टक्क्यांच्या आसपास होती. पण निकालांत जागा ३१७ वर घसरल्या व बहुमतही गेलें.

आमच्या मतें येथें गणिताची मर्यादा दिसते. आलॅस्टर स्मिथ यांनीं २००४ च्या आपल्या ग्रंथांत दाखविलें आहे कीं, अकालीं निवडणूक आली म्हणजे मतदार 'आतांच कां?' असें स्वतःस विचारतो, आणि पुढें येणाऱ्या संकटाची सरकारास चाहूल लागली असावी असा तर्क करतो. विल्सन यांचें कारण सर्वांस उघड दिसत होतें. आकाशांतील ग्रहांस कोणी मुहूर्त काढीत आहे याची वार्ता नसते. मतदारांस ती असते. म्हणून लोकप्रियतेच्या आंकड्यांइतकेंच, लोकांस पटेल असें कारण आपणाजवळ आहे कीं नाहीं, हें मुख्य प्रधानानें आधीं पाहिलें पाहिजे.