महामार्गावरील चार्जिंग : अंतराचे नव्हे, क्षमतेचे गणित

राज्य परिवहन महामंडळाची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर धावली. बरोबर चौऱ्याहत्तर वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, महामंडळाची विजेवर चालणारी पहिली ‘शिवाई’ही याच मार्गावर धावली. (त्या गावाचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे.) दोन्ही प्रवासांतील अंतर तेच, सुमारे १२० किलोमीटर. फरक एवढाच की, १९४८ मधील बसला इंधन पुरविण्यासाठी डिझेल वा पेट्रोलची टाकी आणि एक हातपंप पुरेसा होता. २०२२ मधील बससाठी आगारात रोहित्र, उच्चदाब वाहिनी आणि चार्जर यांची सिद्धता आधी करावी लागली. विजेवरील वाहनांच्या चर्चेत बॅटरी आणि वाहनाची किंमत यांवरच बहुधा भर असतो. प्रत्यक्षात महामार्गावर आणि आगारांत या वाहनांचे यशापयश ठरते ते चार्जिंगच्या नियोजनावर, आणि हे नियोजन वरकरणी दिसते त्याहून बरेच गुंतागुंतीचे आहे.

पंचवीस किलोमीटरचा नियम

वाहन चार्ज करणे म्हणजे वीज विकणे की सेवा देणे, हा प्रश्न आधी सोडवावा लागला. वीज कायदा, २००३ नुसार वीज विकण्यासाठी परवाना लागतो. चार्जिंग ही सेवा असून तिला अशा परवान्याची गरज नाही, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये केला आणि या व्यवसायाचा मार्ग मोकळा झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मंत्रालयाने मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. शहरांत तीन किलोमीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकटीत किमान एक केंद्र, महामार्गांवर दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरवर एक आणि लांब पल्ल्याच्या वा अवजड वाहनांसाठी दर १०० किलोमीटरवर एक जलद केंद्र, असे मान त्यांत होते. प्रत्येक केंद्रात पाच प्रकारचे चार्जर ठेवण्याची त्या वेळची सक्ती पुढच्याच वर्षी सैल करण्यात आली. ती योग्यच होती, कारण ज्या प्रकारच्या गाड्या रस्त्यावर जवळपास नव्हत्या त्यांच्यासाठीही केंद्रचालकाला खर्च करावा लागत होता. आज भारतातील बहुतेक चारचाकी गाड्यांना ‘सीसीएस-२’ जातीची जोडणी असते. महाराष्ट्राच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणातही महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय हेच उद्दिष्ट आहे.

पंचवीस किलोमीटरचे हे मान लोकांना पटकन समजते आणि मंत्र्यांना सभागृहात सांगता येते. गाडी वाटेत बंद पडेल या भीतीवर तो उतारा आहे आणि पहिल्या टप्प्यात अशा उताऱ्याची गरजही असते. मात्र केंद्रात किती गन आहेत, त्या किती किलोवॅटच्या आहेत आणि रविवारी संध्याकाळी तेथे किती गाड्या येतील, यांविषयी हा नियम काहीच सांगत नाही.

रांगेचे गणित

साध्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. ४० युनिट क्षमतेची बॅटरी असलेली मध्यम आकाराची गाडी दहा टक्क्यांवरून ऐंशी टक्क्यांपर्यंत चार्ज करण्यास २८ युनिट लागतात. ६० किलोवॅटच्या चार्जरवर हे काम आदर्श स्थितीत अर्ध्या तासात व्हावे. गाडी लावणे, पैसे भरणे आणि बॅटरीने मध्येच वेग कमी करणे हे सारे धरता चाळीस मिनिटे जातात. (ऐंशी टक्क्यांनंतर चार्जिंगचा वेग झपाट्याने उतरतो. त्यामुळे महामार्गावर शंभर टक्क्यांचा हट्ट धरणारा वाहनचालक स्वतःचा आणि मागे उभ्या असलेल्यांचाही वेळ घालवतो.)

आता शंभर किलोमीटरच्या पट्ट्यात चार गन बसवायच्या आहेत असे समजू. नियमाप्रमाणे त्या दर पंचवीस किलोमीटरवर एकेक बसविता येतील किंवा चारही एकाच ठिकाणी बसविता येतील. गर्दीच्या तासांत प्रत्येक गन ऐंशी टक्के वेळ व्यापलेली असेल आणि गाड्या एकमेकींचा विचार न करता येत असतील, तर एकट्या गनपाशी सरासरी प्रतीक्षा निघते चाळीस मिनिटांच्या चौपट, म्हणजे सुमारे १६० मिनिटे. त्याच चार गन एकत्र असतील आणि तितक्याच गाड्या तेथे आल्या तर प्रतीक्षा जेमतेम तीस मिनिटांवर येते. यंत्रे तीच, गाड्या त्याच आणि वीजही तेवढीच. हे गणित ढोबळ आहे. काही गाड्या रांग पाहून पुढे निघून जातात, हे त्यात धरलेले नाही. तरी त्याची दिशा निर्विवाद आहे. कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीतील अभियंता आग्नर क्रारुप एर्लांग याने १९०९ मध्ये दूरध्वनी केंद्रासाठी या विषयाची पायाभरणी केली होती. रेल्वेच्या तिकीट खिडक्यांपुढे एकच सामाईक रांग का बरी, याचे उत्तरही त्याच शास्त्रात सापडते.

गन एकत्र असण्याचा दुसरा लाभ विश्वासार्हतेचा. एकटी गन नादुरुस्त झाली की केंद्रच बंद पडते. चारांपैकी एक बिघडली तर रांग वाढते, पण प्रवास थांबत नाही. अर्थात वीजच गेली तर चारही एकदम बंद होतात. म्हणून मोठ्या केंद्राला दोन स्वतंत्र वाहिन्यांवरून पुरवठा हवा. नियोजनाच्या कागदांत हा खर्च सर्वांत आधी कापला जातो.

गनांच्या संख्येबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. दोन गनांचा ‘६० किलोवॅट’चा चार्जर दोन गाड्या लागताच पुष्कळदा दोघींना तीस-तीस किलोवॅट वाटून देतो. फलकावर आठ गन लिहिलेल्या असल्या तरी क्षमता चारांचीच असू शकते. युरोपीय संघाने एप्रिल २०२४ पासून लागू केलेल्या नियमावलीत ही पळवाट नाही. प्रमुख मार्गजालावर प्रत्येक दिशेला दर ६० किलोमीटरवर २०२५ अखेर एकूण किमान ४०० किलोवॅट आणि २०२७ अखेर ६०० किलोवॅट क्षमता असावी, त्यांत किमान १५० किलोवॅटची गनही असावी, असे ती सांगते. अंतर आणि क्षमता अशी दोन्ही बंधने तिच्यात एकत्र आहेत.

घाट, वेग आणि ऊन

नकाशावरील किलोमीटर आणि बॅटरीचे किलोमीटर एकच नसतात. खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत बोरघाट सुमारे पाचशे मीटर उंची चढतो. पावणेदोन टनांची गाडी एवढी वर न्यायला केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सव्वादोन युनिटांहून अधिक ऊर्जा लागते. यंत्रणेतील घट धरता जवळजवळ तीन युनिट, म्हणजे सपाटीवरील अठरा-वीस किलोमीटरचा पल्ला. चाळीस टनांच्या भरलेल्या मालमोटारीला हाच घाट पन्नासहून अधिक युनिटांना पडतो. उतरताना त्यातील काही भाग बॅटरीत परत येतो, पण बॅटरी आधीच भरलेली असेल तर तोही येत नाही. त्यामुळे माथ्यावर पूर्ण चार्ज करून लगेच घाट उतरणे हा तोट्याचा व्यवहार ठरतो. मोठी केंद्रे घाटाच्या पायथ्याशी हवीत आणि माथ्यावरच्या केंद्रावर ऐंशी टक्क्यांचा शिरस्ता हवा.

समृद्धी महामार्गाचा प्रश्न वेगळा आहे. ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा हा मार्ग पूर्णपणे खुला झाला. वेगमर्यादेच्या आसपास, ताशी १२० किलोमीटरने गाडी हाकली तर हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. विदर्भातील मे महिन्याचे ऊन वातानुकूलन आणि बॅटरीचे शीतकरण यांवर आणखी ऊर्जा खर्च करवते. पूर्ण चार्जवर प्रत्यक्ष २५० किलोमीटर जाणारी गाडी घेऊ. दहा टक्के शिल्लक राखली तर पहिला टप्पा २२५ किलोमीटरचा आणि पुढे ऐंशी टक्क्यांपर्यंत चार्ज करीत गेल्यास प्रत्येक टप्पा १७५ किलोमीटरचा. नागपूरहून निघालेल्या या गाडीला मुंबईच्या वेशीपर्यंत तीनदा थांबावे लागेल. हा मार्ग प्रवेश-नियंत्रित असल्याने जवळच्या गावात शिरून चार्ज करणे, अथवा पलीकडच्या बाजूचे केंद्र गाठणे, सहज शक्य नसते. म्हणून येथे दोन्ही बाजूंची केंद्रे स्वतंत्रच मोजली पाहिजेत.

वीज कोण आणणार?

६० किलोवॅटच्या चार चार्जरना २४० किलोवॅट लागतात. घट आणि शक्तिगुणक धरता ३१५ केव्हीएचे रोहित्र उभारावे लागते. शहराबाहेरच्या पेट्रोल पंपाकडे किंवा ढाब्याकडे एवढा पुरवठा नसतो. पंप चालविण्याला आणि दिवे लावण्याला लघुदाबाची जोडणी पुरते. जागा आहे, गिऱ्हाईक आहे, स्वच्छतागृह आणि चहाही आहे, पण उच्चदाब वाहिनी दोन किलोमीटर दूर, असे चित्र सर्रास दिसते. केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये तीन सरकारी तेल कंपन्यांना ७,४३२ जलद चार्जिंग केंद्रांसाठी ८०० कोटी रुपये मंजूर केले. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेत चार्जिंगसाठी २,००० कोटी रुपये राखून ठेवले असून त्यात रोहित्र, केबल अशा पाठीमागच्या कामांनाही साहाय्य आहे. चार्जरपेक्षा त्याच्या मागची तार महत्त्वाची, हे धोरणकर्त्यांना उशिरा का होईना उमगले.

उच्चदाब ग्राहकाच्या वीजबिलात वापरलेल्या युनिटांखेरीज मागणी आकारही असतो, म्हणजे क्षमता राखून ठेवल्याबद्दलचे पैसे. शनिवार-रविवारी गर्दी आणि मंगळवारी शुकशुकाट अशा मार्गावर हा आकार केंद्रचालकाचे कंबरडे मोडतो. ६० किलोवॅटची एक गन चोवीस तास चालली तर १,४४० युनिट विकील. दहा टक्के वेळच चालली तर १४४. भांडवल मात्र पूर्ण क्षमतेचे गुंतवावे लागते. सप्टेंबर २०२४ च्या केंद्रीय तत्त्वांनी सकाळी नऊ ते दुपारी चार या सौरतासांत वीजदर सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट आणि इतर वेळी १.३ पट अशी रचना सुचविली. दुपारच्या जेवणाला थांबणाऱ्या प्रवाशाला ती सोयीची आहे. बस आगारांचे मात्र त्यामुळे नेमके उलटे होते.

आगारातील रात्र

ताफ्याच्या नियोजनात अनिश्चितता कमी असते. कोणती बस कोठे गेली, केव्हा परतेल, किती युनिट रिकामी झाली असेल, हे आगार व्यवस्थापकाला आदल्या दिवशीच ठाऊक असते. पन्नास बसगाड्यांचे आगार घेऊ. प्रत्येक बस दिवसाला २०० किलोमीटर धावते आणि किलोमीटरमागे १.२ युनिट खाते. घटीसह आगाराची रोजची गरज सुमारे १३,००० युनिट. रात्री अकराला साऱ्या गाड्या परतल्या आणि साऱ्या एकदम १२० किलोवॅटच्या चार्जरना लागल्या, तर मागणी ६,००० किलोवॅटवर जाते. हेच काम अकरा ते पाच या सहा तासांत विभागले तर सुमारे २,२०० किलोवॅट पुरतात. वीस चार्जर भागवू शकतात, पन्नासांची गरज नाही. रोहित्र, केबल, मागणी आकार सारेच एकतृतीयांशाच्या आसपास येते. त्यासाठी हवे एक साधे वेळापत्रक, आणि रात्री दोन वाजता एक बस काढून दुसरी लावणारा चालक. या चालकाची हजेरी कोण मांडणार, हा प्रश्न निविदेत क्वचितच असतो. एकाच चार्जरच्या अनेक गनांना आळीपाळीने वीज देणारी यंत्रणा बसविली तर तो टळतो.

परंतु रात्रीची वीज १.३ पटीची. दुपारी बारा ते तीन या मंद वेळेत निम्म्या गाड्या तासभर जरी चार्ज झाल्या तरी बिल उतरते. मात्र त्यासाठी फेऱ्यांचे वेळापत्रकच बदलावे लागते. ते वाहतूक विभागाच्या हाती असते, तर वीजबिल लेखा विभागाकडे येते. शिवाय बहुतेक वीज-बस भाडेतत्त्वावर येतात. गाडी आणि चालक ठेकेदाराचे, त्याला मोबदला किलोमीटरमागे. जागा आणि उच्चदाब वाहिनी महामंडळाची. दोन्ही बाजू एकमेकींच्या गतीने चालल्या नाहीत तर गाड्या आल्या आणि वीज नाही, किंवा वाहिनी आली आणि गाड्या नाहीत, असे होते. एसटीने २०२३ मध्ये ५,१५० वीज-बस भाड्याने घेण्याचे ठरविले, पण मे २०२५ पर्यंत त्यांतील काही शेच गाड्या हाती आल्या होत्या. वाहिनी, चार्जर आणि गाड्या या तिन्ही तारखा एकाच करारात, एकमेकींना बांधून लिहिल्या नाहीत तर अशा दिरंगाईत दोष कोणाचा, हेही ठरविता येत नाही.

मालमोटारी

मालमोटारींचे काम दोन्हींच्या मध्ये येते. न्हावाशेवा बंदर ते भिवंडीची गोदामे अशा ठरावीक फेऱ्यांना आगाराचे गणित लागू पडते. पुणे-नागपूर फेरीला महामार्गाचे. २८० युनिटांची बॅटरी वीसवरून ऐंशी टक्क्यांवर न्यायला १६८ युनिट लागतात. २४० किलोवॅटच्या चार्जरवर त्याला पाऊण तासाहून थोडा कमी वेळ लागेल. युरोपात चालकाला साडेचार तासांनंतर पंचेचाळीस मिनिटांची विश्रांती बंधनकारक आहे आणि तेथील मालमोटार केंद्रांचे नियोजन या विश्रांतीवरच बेतलेले आहे. भारतात १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती घालून दिली होती. व्यवहारात तिचे पालन किती होते, हे कोणत्याही ढाब्यावर रात्री एक वाजता उभे राहिल्यास कळते. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण ४० ते ६० किलोमीटरवर विश्रांती थांबे उभारीत आहे. चालकाला झोपायला खाट, गाडीला वळायला जागा आणि २४० किलोवॅटचे दोन चार्जर या तिन्ही गोष्टी अशा थांब्याच्या आराखड्यातच असल्या, तर फरसबंदी पुन्हा उखडून केबल टाकण्याची वेळ येत नाही. केबलसाठी लागणारी रिकामी नळी बांधकामाच्या वेळी जमिनीत पुरून ठेवण्याचा खर्च त्यामानाने क्षुल्लक असतो.