सव्वापट शाबासकी

डिसेंबर-जानेवारीत वसई-विरार पट्ट्यातल्या शाळांची स्नेहसंमेलने रंगात येतात. शेलापागोटी, म्हणजे मुलांना दिलेल्या गमतीच्या पदव्या, वाटली जातात. कुणी ‘प्रश्नमार्तंड’ होते, कुणी ‘सबबसम्राट’. त्यामागोमाग सुजाण पालकांचा आक्षेपही येतो. तो आधी नीट मांडू. एक, पदवी कर्तृत्वामागून यावी. आधी दिली तर मूल फुशारते. दोन, लटक्या पदवीतून येणारा आत्मविश्वासही लटकाच. तीन, थट्टेने मुले दुखावतात. यामागची कळकळ खरी आहे. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

पहिला मुद्दा. नारायण श्रीपाद राजहंस या पोराचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्याला ‘बालगंधर्व’ म्हटले, असे सांगतात. किर्लोस्कर नाटक मंडळीत तो गेला पुढे, 1905 साली. 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे ‘बालकवी’ झाले, तेव्हा त्यांनी विशीही गाठली नव्हती. या पदव्या केल्या कामाच्या पावत्या होत्या का? नव्हत्या. त्या हुंड्या होत्या. दोघांनीही त्या वटवल्या.

दुसरा मुद्दा. ‘सवाई’ म्हणजे सव्वापट. रामभाऊ कुंदगोळकरांना ‘सवाई गंधर्व’ म्हणण्यात हिशेबाची गंमत आहेच. म्हणून त्यांचे गाणे लटके ठरले? भीमसेन जोशी त्यांच्याच तालमीत घडले आणि पुण्याचा सवाई गंधर्व संगीत महोत्सव 1953 पासून या गुरूंच्याच स्मृतीसाठी भरतो. मुलांनाही पदवीतली गंमत कळते. ‘मार्तंड’ या शब्दावर त्यांचा विश्वास बसत नाही. आपले प्रश्न कुणीतरी मनापासून ऐकले, यावर बसतो. आत्मविश्वास तिथून येतो.

तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार. रंग, उंची, तोतरेपणा यांवरची शेलापागोटी क्रूरच असतात. पण ती पदवी नव्हे, टवाळी. पदवी द्यायला मूल ओळखावे लागते. टवाळीला नुसते डोळे पुरतात. एका वेलीला कीड लागली म्हणून वसईकराने कधी सगळा पानमळा उपटला आहे का?

निवाडा वाचकांनी करावा. शेलापागोटी लिहिणाऱ्या शिक्षकांना मात्र एक विनंती: आधी वर्गातल्या प्रत्येक मुलाचा एक गुण शोधा, मग लेखणी उचला. एखाद्याचा गुण सापडतच नसेल, तर उणीव त्या मुलात नाही. आपल्या पाहण्यात आहे.