परळचा डॉक्टर आणि परळचा सिनेमा

आज आपल्याला फार लांब जायचं नाही, परळपासूनच सुरुवात करायची आहे. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस परळच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकले, आणि पुढे त्यांच्यावर सिनेमा निघाला तोही परळमध्येच, व्ही. शांताराम यांच्या राजकमल कलामंदिरात. 'डॉ. कोटनीस की अमर कहानी', साल १९४६. आपल्यापैकी अनेकांना डॉक्टर कोटणीस माहीत झाले ते या सिनेमामुळे. म्हणून आधी हकीकत पाहू, मग सिनेमा.

१९३७ मध्ये जपानने चीनवर मोठं आक्रमण केलं. चीनकडून मदतीची विनंती आली आणि १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. कोटणिसांनी तेव्हा अठ्ठाविशीही गाठली नव्हती. ते चीनमध्ये असतानाच इकडे वडील वारले. कोटणीस परतले नाहीत. पथकातले बाकीचे चौघे पुढे मायदेशी आले, हे तिथेच राहिले. डॉ. नॉर्मन बेथून यांच्या समाधीच्या उद्घाटनाला त्यांची गुओ चिंगलान यांच्याशी ओळख झाली. त्या परिचर्या शिकवत असत. १९४१ मध्ये कोटणीस बेथून रुग्णालयाचे संचालक झाले आणि त्याच वर्षी दोघांनी लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव यिनहुआ; यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी डॉक्टर गेले. वय ३२, आणि मूल चार महिन्यांचंही नव्हतं.

आता सिनेमा. कथा ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून घेतलेली. डॉक्टर झाले स्वतः शांताराम, चिंग लान झाल्या जयश्रीबाई, आणि हे दोघे खऱ्या आयुष्यातही नवराबायको! सिनेमातले डॉक्टर प्लेगच्या साथीशी झुंजतात, जपान्यांच्या तावडीतून निसटतात, आणि शेवटी प्लेगच त्यांचा घात करतो. त्यांच्यामागे पत्नी बाळाला घेऊन भारतात, सासरी येते.

हा बदल का केला असेल? माझ्या मते, अपस्मार पडद्यावर हुतात्म्याचं मरण वाटत नाही. प्लेग वाटतो. पण त्यामुळे एक गोष्ट निसटते. खऱ्या कोटणिसांचा त्याग एका प्रसंगातला नव्हताच. आजार अंगात असताना रोज उठून जखमींवर शस्त्रक्रिया करायच्या, विद्यार्थ्यांना शिकवायचं, त्यांची भाषा बोलायची, असा तो वर्षानुवर्षं चालला होता.

आणि चिंगलानबाईंचं काय? सिनेमाने त्यांना सासरी आणून सोडलं, गोष्ट संपली. प्रत्यक्षात त्या चीनमध्येच राहिल्या. १९५८ पासून अनेकदा भारतात आल्या, कोटणीस कुटुंबाला भेटल्या. यिनहुआही वैद्यकीचं शिक्षण घेत होता. १९६७ मध्ये, पंचविशीच्या आतच तो गेला. नवऱ्यामागे मुलगाही गेला, आणि त्यानंतर ही बाई २०१२ पर्यंत जगली, दोन्ही देशांतलं नातं जपत राहिली.

तेव्हा मंडळी, सिनेमा जरूर बघा. ज्या काळात चीनमधली लढाई आपल्याला परकी वाटली असती, त्या काळात शांतारामबापूंनी ती आपल्या घरातली करून दाखवली, हे मोठंच काम आहे. फक्त पडदा पडल्यावर चिंगलानबाईंची पुढची सत्तर वर्षंही आठवा. 'अमर कहानी'तला तेवढा भाग सिनेमात नाही.